आठ हातांची रोवणी : मोबाईलमधील व्हिडिओचा उलगडा

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मोबाईलच्या दुकानासमोर उभे राहिलात, तर खोक्यांवर 'आठ कोअर' ही अक्षरे ठळक छापलेली दिसतील. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. आठ कोअर म्हणजे एका घरात राहणारे आठ कामकरी असे समजा. एकट्याचे काम आठ जणांनी वाटून घेतले तर ते आठपट लवकर उरकावे, असे कोणालाही वाटेल. दुकानदार सांगतोही तसेच. मग असा मोबाईल शाळेत नेऊन त्यावर धड्याचा व्हिडिओ लावला, की कधी कधी चित्र अडखळते, गुरुजींचा आवाज पुढे निघून जातो आणि फळ्यावरचा हात मागे राहतो, हे कसे?

आपल्याकडे अशा वेळी पहिला दोष टॉवरला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. जंगलातल्या गावांना रेंज किती आणि कशी मिळते, हे एटापल्ली-भामरागडच्या शिक्षकांना मी सांगावयास नको. पण नेटवर्कचे दुखणे वेगळे आणि प्रोसेसरचे दुखणे वेगळे. दोन्हींची लक्षणे निराळी आहेत. नेटवर्क कमी पडले म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात आणि पडद्यावर एक गोल फिरत राहतो. प्रोसेसर कमी पडला म्हणजे आवाज बहुधा नीट चालतो, पण चित्र उड्या मारते किंवा मागे रेंगाळते. खात्री करून घ्यावयाची असेल तर व्हिडिओ मोबाईलमध्ये आधी उतरवून घ्या, मोबाईल विमान-मोडवर टाका आणि मग तोच व्हिडिओ लावा. आता नेटवर्कचा संबंधच उरला नाही. तरीही चित्र अडखळले, तर टॉवरला बोल लावू नका. अडचण उलगडण्यात आहे.

उलगडणे म्हणजे काय, ते आता पाहू. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रे. सेकंदाला २५ चित्रे असतील, तर एका चित्राला सेकंदाचा चाळिसावा नव्हे, पंचविसावा भाग, म्हणजे ४० मिलिसेकंद मिळतात. १२८० ठिपके रुंद आणि ७२० ठिपके उंच असे साधारण चांगले चित्र घेतले, तर त्यात ९,२१,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला सरासरी दीड बाइट जागा धरा. एका चित्राला सुमारे १४ लाख बाइट झाले आणि सेकंदाला साडेतीन कोटी! चाळीस मिनिटांचा एक तास असा जसाच्या तसा साठवू म्हटले, तर ८३ जीबी जागा लागेल. इतका मोठा व्हिडिओ कोण पाठवणार आणि कोण उतरवून घेणार? म्हणून त्याची घडी घालावी लागते. तोच तास एच.२६४ या २००३ साली ठरलेल्या पद्धतीने, सेकंदाला दहा लाख बिट या मापाने घडी घातला, तर ३०० एमबीमध्ये बसतो. पावणेतीनशेपट संकोच झाला!

ही किमया होते कशी? आपल्या झाडीपट्टीतले रात्रभर चालणारे नाटक डोळ्यांपुढे आणा. मागचा पडदा तोच, रंगमंच तोच. एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंत बदलते काय, तर नटाचा हात आणि ओठ. मग प्रत्येक चित्रात तो पडदा पुन्हा रंगवण्याचे कारण काय? घडी घालणारा लिहून ठेवतो, 'हा तुकडा मागच्या चित्रातला तसाच घ्या. तो तुकडा चार ठिपके उजवीकडे सरकवून घ्या. इथे मात्र थोडा रंग बदला.' जिथे मागच्या चित्राचा उपयोग नाही, तिथे त्याच चित्रातल्या शेजारच्या तुकड्यावरून अंदाज बांधायचा आणि फक्त चूक तेवढी नोंदवायची. वर ह्या सगळ्या सूचना इतक्या दाटीने लिहावयाच्या, की आधीचा आकडा वाचल्याखेरीज पुढचा आकडा कोठून सुरू होतो हेही कळू नये. मोबाईलला या सूचना वाचून चित्र पुन्हा उभे करावे लागते, आणि तेही ४० मिलिसेकंदांत. याचेच नाव उलगडणे.

आता यातली खरी मेख बघा. घडी जितकी बारीक, तितका उलगडा कष्टाचा. २०१३ साली आलेली एच.२६५ ही पद्धत सारख्याच दर्जाच्या चित्राला एच.२६४ च्या सुमारे निम्मी जागा घेते. २०१८ सालच्या एव्ही१ ने आणखी बचत साधली. म्हणजे आपला तीनशे एमबीचा तास दीडशेवर आला. ज्या गावात पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो, असे पावसाळ्यामागून पावसाळे पाहिले आहेत, जिथे शिक्षक तालुक्याला आले की पुढच्या पंधरवड्याचे धडे मोबाईलमध्ये भरून नेतात, तिथे ही बचत लहान नव्हे. पण नेटवर्कवर जे ओझे हलके झाले, ते प्रोसेसरच्या डोक्यावर आले. हे ओझे एका कोअरला पेलत नाही, म्हणून ते वाटून घ्यावे लागते.

ओझे वाटून घेण्याची ही कल्पना मोबाईलबरोबर आलेली नाही, आणि तिच्या इतिहासात महाराष्ट्राचा, किंबहुना विदर्भाचा, चांगला वाटा आहे. मोठे महासंगणक परदेशातून मिळणे दुरापास्त झाले तेव्हा, १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे नेतृत्व होते डॉ. विजय भटकर यांच्याकडे. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मले. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याच्या नादी न लागता त्यांच्या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर घेतले, ६४ एकत्र जोडले आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. अनेकांनी मिळून समांतर काम करावे, हेच त्याचे तत्त्व. पुढे साऱ्या जगाला त्याच वाटेने जावे लागले. २००४-०५ च्या सुमारास एकट्या प्रोसेसरचा वेग वाढवत नेणे उष्णतेमुळे परवडेना, तेव्हा कारखानदारांनी घरगुती संगणकाच्या एकाच चकतीवर दोन कोअर बसवले. मग चार झाले, आठ झाले. एके काळी पुण्याच्या प्रयोगशाळेत जी अडचण शास्त्रज्ञांपुढे होती, ती आज आपल्या खिशात आहे: कामकरी पुष्कळ आहेत, पण काम वाटायचे कसे?

आपल्याकडच्या माणसाला हे समजावयास धानाच्या रोवणीइतके सोपे उदाहरण नाही. बांधीत चिखल झाला आहे, आठ बाया ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीला आपापला पट्टा दिला आहे. कोणीच कोणासाठी अडून नाही, तर आठ बाया खरोखरच आठपट काम करतील. व्हिडिओतही अशी पद्धत आहे. चित्राचे आडवे पट्टे पाडतात आणि ठरवतात, की एका पट्ट्याने दुसऱ्या पट्ट्याकडे अंदाजासाठी बघायचे नाही. मग आठ पट्टे आठ कोअरना द्या, काम झाले. पण याची किंमत पडते. शेजारच्या तुकड्याकडे बघण्याची मनाई झाली, म्हणजे सीमेवर अंदाज चुकतात, जास्त नोंदी कराव्या लागतात आणि घडी जाड होते. बांधीत धुरे वाढवले की प्रत्येक धुऱ्यापुरती जमीन जाते, तसेच हे. शिवाय एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे पट्टे व्हिडिओ तयार करणाऱ्याने पाडलेले असावे लागतात. त्याने पाडले नसतील, तर पाहणाऱ्याच्या मोबाईलला ते मागाहून पाडता येत नाहीत.

मग धुरे न वाढवता आठ जणींना कामाला कसे लावावे? एच.२६५ मध्ये यासाठी जी युक्ती आहे ती मला फार आवडते, कारण तिच्यात चलाखी आहे पण चमत्कार नाही. समजा अट अशी घातली, की प्रत्येक बाईने आपले रोप वरच्या ओळीतल्या रोपांकडे बघून लावायचे. वरच्या ओळीतली शेजारीण दोन रोपे पुढे गेल्याशिवाय खालच्या ओळीतलीने सुरुवात करावयाची नाही. पहिली बाई एकटी सुरू करते. तिची दोन रोपे झाली की दुसरी वाकते. दुसरीची दोन झाली की तिसरी. थोड्या वेळाने बांधीकडे पाहिले तर रोवणीची कड तिरपी दिसेल, तळ्यातल्या लाटेसारखी तिरपी पुढे सरकणारी. एकीचे दुसरीवरचे अवलंबन मोडले नाही, पण कोणी रिकामेही बसले नाही. शिवाय दाटीने लिहिलेल्या सूचना प्रत्येक ओळीला वेगळ्या जागेपासून वाचता याव्यात, म्हणून त्या जागांच्या खुणाही करून ठेवतात.

हिशेब करून बघू या. शिक्षकांनी तो फळ्यावरही करून दाखवावा. एच.२६५ मध्ये चित्राचे ६४ ठिपके लांबीरुंदीचे चौकोन पाडतात. आपल्या १२८० बाय ७२० च्या चित्रात एका ओळीत २० चौकोन बसतात आणि ओळी होतात १२. (शेवटची ओळ अपुरी असते, पण हिशेबाला पूर्ण धरू.) एकूण २४० चौकोन. प्रत्येकाला सारखाच एक क्षण लागतो असे माना. एकटा कोअर २४० क्षण घेईल. चार कोअर असतील तर? पहिली ओळ क्षण शून्याला सुरू होते, दुसरी दोनला, तिसरी चारला, चौथी सहाला. पाचव्या ओळीला मोकळा कामकरी मिळतो तो विसाव्या क्षणी. असे करत बारावी ओळ ६६ व्या क्षणी संपते. म्हणजे चार जणांनी काम ३.६ पट वेगाने झाले. ठीकच आहे. आता आठ कोअर घ्या. नववी ओळ विसाव्या क्षणी सुरू होईल आणि बारावी ४६ व्या क्षणी संपेल. वेग ५.२ पट. हवे तितके कोअर घ्या, शंभर घ्या! बारावी ओळ २२ व्या क्षणाआधी सुरूच होऊ शकत नाही आणि तिला स्वतःचे २० क्षण हवेत. ४२ क्षणांच्या खाली कोणी जाऊ शकत नाही, म्हणजे वेग ५.७ पटीवर संपला. चाराचे आठ केले तर किंमत दुप्पट, पण वेग दीडपटही नाही. सुरुवातीला एकदोघीच कामात असतात आणि शेवटीही एकदोघीच उरतात, त्याचा हा परिणाम. प्रत्यक्षात तर सगळे चौकोन सारखे नसतात. पडद्याचा चौकोन चुटकीसरशी होतो, नाचणाऱ्या पायांचा वेळ खातो. वरची बाई एखाद्या दगडापाशी अडली, की खालच्या सगळ्या जणी अडल्या.

याहून मोठी मर्यादा आणखी एक आहे. रोवणीला बाया कितीही असोत, पऱ्हे उपटून, त्यांच्या पेंढ्या बांधून बांधीत टाकणारा माणूस एकच असेल, तर? एच.२६४ मध्ये दाटीने लिहिलेल्या सूचना वाचण्याचे काम या एकट्या माणसासारखे आहे. पट्टे पाडलेले नसतील, तर एका चित्राच्या सूचना एकालाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. समजा दहा तासांच्या कामात दोन तास असे एकट्याचे आहेत आणि आठ तास वाटून देता येण्याजोगे. आठ जणांत आठ तासांचा एक तास होईल, पण ते दोन तास दोनच राहतील. दहाचे तीन झाले, म्हणजे सव्वातीनपट वेग. गावातल्या सगळ्या बाया बोलावल्या तरी दोन तासांच्या खाली काम येणार नाही, म्हणजे पाचपटीपलीकडे वेग नाही. जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा मुद्दा मांडला आणि त्याच्या नावाने तो नियम म्हणून ओळखला जातो. खोक्यावरच्या आठ या आकड्याला हा नियम कोणी छापत नाही!

मग उपाय? एकाच बांधीत सगळ्यांनी गर्दी करण्यापेक्षा दुसरी टोळी पुढच्या बांधीत धाडावी. म्हणजे एक कोअर पहिल्या चित्रात काम करीत असतानाच दुसऱ्याने दुसरे चित्र सुरू करावयाचे. दुसरे चित्र पहिल्यावर अवलंबून आहे हे खरे, पण त्याला सगळे पहिले चित्र एकदम लागत नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातला तुकडा बहुधा मागच्या चित्रातही वरच्याच भागात असतो. तेव्हा पहिल्या चित्राचा वरचा भाग तयार झाला, की दुसऱ्याचा वरचा भाग हाती घेता येतो. मागची टोळी पुढचीच्या पावलावर पाऊल टाकीत येते. एफएफएमपेग नावाची एक मोफत आज्ञावली जगभर पुष्कळ व्हिडिओ-साधनांच्या पोटात काम करते. तिला पट्ट्यांची आणि चित्रांची अशा दोन्ही तऱ्हांची वाटणी येते. या दुसऱ्या तऱ्हेला पट्टे पाडलेले असावे लागत नाहीत, हा तिचा मोठा गुण. अवगुण असा, की आठ चित्रे एकाच वेळी हातात असल्याने स्मृती जास्त लागते आणि पडद्यावर चित्र थोडे उशिरा येते. आठ चित्रांचा उशीर म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. साठवलेला धडा बघताना तो कोणाला कळतही नाही. पण त्याच मोबाईलवरून नागपूरच्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलताना तो चांगलाच बोचेल. म्हणून कामाप्रमाणे वाटणीची तऱ्हा बदलावी लागते.

आता कोणी म्हणेल, आमच्या मोबाईलवर तर व्हिडिओ झकास चालतात आणि हातही भाजत नाही. त्याचे श्रेय बहुधा कोअरचे नसतेच. आजकालच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठीच बनवलेले वेगळे मंडल असते. धान भरडण्याच्या गिरणीसारखे ते आहे. त्याला दुसरे काही येत नाही, पण आपले काम ते थोड्या विजेत उरकते. एच.२६४ ची गिरणी आज जवळजवळ सगळ्या मोबाईलमध्ये आहे, एच.२६५ ची पुष्कळांमध्ये. एव्ही१ ची मात्र स्वस्त आणि जुन्या मोबाईलमध्ये बहुधा नसते. गिरणी नाही म्हटल्यावर कांडप हातानेच करावे लागणार, आणि तिथे हे आठ कोअर कामाला येतात. एव्ही१ निघाले त्याच वर्षी, २०१८ मध्ये, व्हिडिओलॅन या मंडळींनी 'डेव्हिड' नावाची उलगडा करणारी आज्ञावली बाहेर काढली. ओळींची आणि चित्रांची वाटणी एकाच वेळी करून ती साध्या प्रोसेसरकडूनही हे काम करवून घेते. अशी आज्ञावली नसती, तर नवी बारीक घडी ही फक्त महागड्या मोबाईलवाल्यांची चैन झाली असती.

विजेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. एका कोअरला अगदी दामटून पळवण्यापेक्षा चार कोअर सावकाश चालवणे बॅटरीला परवडते, कारण वेग वाढवण्यासाठी विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि खर्च वेगापेक्षा जास्त चढत जातो. एकटाच कोअर तापला की मोबाईल स्वतःला वाचवण्यासाठी त्याचा वेग कमी करतो. मग पहिली दहा मिनिटे छान चाललेला धडा पुढे अडखळू लागतो. आणि हो, आठही कोअर सारख्या ताकदीचे असतात असेही नाही. दोन मोठे आणि सहा लहान, किंवा चार-चार, अशी विभागणी सर्रास असते. घरातल्या दोन कर्त्या माणसांबरोबर सहा पोरे मोजून 'आठ माणसे कामाला आहेत' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

शिक्षकांपैकी पुष्कळ जण हल्ली स्वतः धडे चित्रित करतात. काही जण गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या बोलीतून करतात, आणि असा धडा बाहेरून दुसरा कोणी पाठवणार नाही. त्यांना उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. मोबाईल हातात धरून चित्रण करू नका. तिपाई नसेल तर खिडकीच्या चौकटीला टेकवा. हात हलला की सगळे चित्र हलते, घडी जाड होते आणि उलगडणाऱ्यालाही काम वाढते. फळ्यावरचे अक्षर वाचता येण्यास ७२० ओळींचे चित्र पुरेसे आहे. १०८० ओळी घेतल्यात तर ठिपके सव्वादोनपट होतात आणि उलगड्याचे काम साधारण त्याच प्रमाणात वाढते. गावात मोबाईल जुने असतील तर एच.२६४ च बरी. फाईल थोडी मोठी होईल, पण गिरणी सगळ्यांकडे आहे. बहुतेकांकडे नवे मोबाईल असतील आणि अडचण नेटवर्कचीच असेल, तर एच.२६५ घ्या. हँडब्रेक हे संगणकावर चालणारे मोफत साधन त्यासाठी चांगले आहे. त्यातली एक्स२६५ ही घडी घालणारी आज्ञावली वर सांगितलेल्या लाटेच्या वाटणीची सोय आपण न सांगताच ठेवते.

आणि धडा गटावर पाठवण्यापूर्वी त्यातली दहा मिनिटे वर्गातल्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर, विमान-मोड लावून, एकदा चालवून बघा. तो मोबाईल कोणाकडे आहे हे मुलांना बरोबर ठाऊक असते.